सेक्रेटरींचा साष्टीचा फेरा

भरती उशिरा आली की आमचे सेक्रेटरी खाडीकडे असे बघायचे, जसे हेडमास्तर घंटा झाल्यावर आलेल्या पोराकडे बघतात. हातात साखळीचं घड्याळ, कपाळाला आठ्या. "काल सव्वादहाला आली होती. आज अकरा वाजले. रोज पाऊण तास उशीर! कचेरीत असती तर आठ दिवसांत घरी बसवली असती हिला." मग वहीत लिहायचे: भरती, उशिरा. पुढे शेऱ्याच्या रकान्यात: समज दिली.

समज द्यायची म्हणजे ठाण्याच्या धक्क्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहून काठी दोनदा आपटायची. खालच्या पायरीवर ते कधी उतरले नाहीत. खाडीचं पाणी उडून पायावर आलं तर घरी जाऊन पाय धुवायचे. "पाण्यानेच ना धुता?" असं मी एकदा विचारलेलं. "ते तांब्यातलं असतं," ते म्हणाले. "तांब्याला काठ असतो."

आणि हे गृहस्थ कशाचे सेक्रेटरी? तर शिडाच्या होड्यांच्या क्लबाचे.

हा क्लब मूळ साहेबांचा. फार जुना, मुंबईच्या क्लबापेक्षाही जुना, हे सेक्रेटरी दिवसातून दोनदा तरी ऐकवायचे. रेल्वे नव्हती तेव्हा ठाण्यातले साहेब लोक संध्याकाळी खाडीत शिडाच्या होड्या घेऊन हवा खायला जायचे. त्यांनी धक्क्याशेजारी एक कौलारू खोली बांधली, झेंड्याची काठी रोवली आणि हिशेबबिशेब बघायला एक तरुण कारकून ठेवला. पुढे रेल्वे आली, पूल झाला, साहेब मुंबईला राहायला गेले. जाताना मोठ्या साहेबांनी कारकुनाला सांगितलं, "आम्ही परत येईपर्यंत नीट सांभाळ." साहेब विलायतेला गेले, तिथेच वारले म्हणतात. कारकून सांभाळतच राहिले. कारकुनाचे सेक्रेटरी कधी झाले, त्यांना कोणी केलं, हे कुणालाच ठाऊक नाही. ठराव मात्र आहे. मी पाहिलाय. सूचक ते, अनुमोदक ते, आणि विरोधात कोणी नाही.

क्लबाच्या नियमांतला पहिला नियम असा होता की तरुणांना खुल्या समुद्रावर जाण्यास उत्तेजन द्यावं. सेक्रेटरींनी वीस वर्षं इमानदारीने उत्तेजन दिलं. गेलं कोणी नाही.

मी तिथे असिस्टंट म्हणून लागलो ते मॅट्रिकला आपटल्यावर. आमच्या शाळेत मी मास्तरांच्या नकला करायचो आणि त्यापायीच गणिताच्या मास्तरांनी मला आयुष्यभर लक्षात ठेवलं. सेक्रेटरींची नक्कल मी पहिल्याच आठवड्यात बसवली. अवघड नव्हती. मान किंचित मागे, हनुवटी वर, उजव्या हाताचं बोट हवेत, आणि आवाज नाकातून: "लिहिलं का?"

हा त्यांचा सवाल. आभाळ भरून आलं, लिहिलं का? मांजर झेंड्याच्या काठीवर चढलं, लिहिलं का? एकदा मी सांगितलं की माझा आजा गेला, सुतक आहे, दहा दिवस येणार नाही. त्यांचे डोळे खरंच पाणावले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग म्हणाले, "अर्ज लिहिलास का?"

सभेत ते सगळ्यांना 'आपण' म्हणायचे, मलासुद्धा. सभा संपल्याचं जाहीर केलं की त्याच दमात, "गाढवा, दौतीचं झाकण लाव." घरी काकूही त्यांना सेक्रेटरीच म्हणायच्या. "अहो सेक्रेटरी, भात निवतोय. बसता की ठराव मांडू?" त्यावर ते गंभीरपणे पाटावर बसायचे. काकूंना हसू आलेलं त्यांना कळायचं नाही. किंवा कळायचं आणि नोंद घ्यायचे नाहीत.

सभा दर पौर्णिमेला भर दुपारी, कारण तेव्हा पाणी धक्क्याला चांगलं लागतं. पाणी लागून उपयोग काहीच नव्हता, कारण सभासदांपैकी कोणाला होडी चालवता येत नव्हती. एक वकीलसाहेब, एक वैद्यबुवा, एक पेन्शनर जे सूचनेपासून आभारापर्यंत झोपायचे, आणि मी. आधी मागच्या पौर्णिमेला पुस्तकात जे लिहिलेलं ते वाचायचं. सगळ्यांनी मान डोलावली की सेक्रेटरी खाली 'कायम' असा शब्द लिहून सही ठोकायचे. ती सही होईपर्यंत पुस्तकातलं सगळं कच्चं. एकदा वैद्यबुवा म्हणाले, "अहो, मागच्या सभेत मी आजारी होतो हे काय कायम करायचं? मी होतोच आजारी!" सेक्रेटरी म्हणाले, "आपण होता. पण अजून ठरलेलं नाही."

क्लबाची एक बोटही होती. साहेबांनी सोडलेली, शेडमध्ये पालथी पडलेली, खाली कोंबड्या. तिला वीस वर्षांत पाणी लागलं ते फक्त पावसाचं. कोलशेतचा जोमा आला नसता तर कोंबड्यांच्या चार पिढ्या अजून तिथेच झाल्या असत्या.

जोमा कोळ्यांचा. वय माझ्याएवढंच, वीसच्या आसपास. घरची मिठाची गलबतं होती, पण मीठ आता वॅगनीतून जायला लागलं आणि गलबतं कोलशेतच्या चिखलात रुतून बसली. मुंबई बंदरात मोठ्या जहाजांना वाट दाखवणारे पायलट असतात, त्यांना छातीवर पितळी बिल्ला मिळतो. जोमाला तो बिल्ला हवा होता. बंदराच्या कचेरीत त्याला सांगितलं की कोलशेतची खाडी माहीत असून भागत नाही. खुल्या समुद्रावरून बोट नेऊन परत आणल्याचा एखाद्या क्लबाचा दाखला आण, मग बघू.

तो दारात उभा राहून म्हणाला, "सायेब, माना दाखला पायजे."

सेक्रेटरींनी चष्मा पुसला. वीस वर्षांनी उत्तेजन घ्यायला कोणीतरी आलेलं. "समुद्रावर गेला आहेस?"

"लहानपनापासना."

"लिहिलेलं आहे कुठे?"

जोमाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे.

योग असा की त्याच थंडीत मुंबईच्या क्लबाने तरुण खलाशांसाठी एक फेरी ठेवली. अख्ख्या साष्टीला वळसा. ठाण्याहून खाडीने खाली मुंबई बंदरात, कुलाब्याच्या दीपगृहावरून बाहेर, मोठ्या समुद्राने वर वसईपर्यंत, आणि वसईच्या खाडीतून घोडबंदर, कोलशेत करत पुन्हा ठाणं. तीन दिवसांचं काम. कुठल्याही मान्य क्लबाने आपली बोट पाठवावी. अट एकच: बोटीवर त्या क्लबाचा एक अधिकारी हजर पाहिजे. त्याने पाहिलं तरच फेरा खरा.

सेक्रेटरींनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. आमचा क्लब आपल्या क्लबाहून जुना असून आमचा अधिकारी बोटीवर हजर राहील. अक्षर काय सुंदर काढलेलं! मी शाई टिपत विचारलं, "अधिकारी कोण पण? आपल्याकडे तुम्ही एकटेच आहात."

त्यांचा हात तिथेच थांबला. मला वाटतं, ती अट आपल्यालाच लागू आहे हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

"नियमाप्रमाणे होईल," ते म्हणाले.

जोमा आणि त्याच्या चुलतभावाने महिनाभर खपून बोट उभी केली. फटींत कापूस ठासून वर राळ भरली, नवी डोलकाठी घातली. ती रेल्वेच्या पुलाखालून जाताना आडवी करता येईल अशी बसवली. निघायच्या दिवशी धक्क्यावर सेक्रेटरींचं सामान आधी येऊन पडलं. पगडीचा डबा, उपरणं, काठी, तांब्या, काकूंनी बांधलेल्या दशम्या नि लोणचं, आणि खाडीची वही. जोमाने सगळं बोटीत लावलं. मग सेक्रेटरी आले. पहिल्यांदाच वरची पायरी सोडून खाली उतरले. दुसरी, तिसरी, चौथी. बोटीला फळी लावलेली. त्यांनी एक पाय फळीवर ठेवला. फळी आणि धक्का यांच्यामध्ये हातभर पाणी दिसत होतं, हिरवं, वरखाली होणारं.

ते पाण्याकडे बघत राहिले. कपाळावरून घाम गळायला लागला. जोमाने हात पुढे केला. "या सायेब. मी हाय ना."

सेक्रेटरींनी पाय मागे घेतला. "मागच्या सभेचं पुस्तक घरी राहिलं," ते म्हणाले. "ते कायम झाल्याखेरीज बोट हलू शकत नाही. आलोच." आणि पायऱ्या चढून गेले. चालत गेले असं म्हणतो मी. खरं म्हणजे पळत.

आम्ही थांबलो. अर्धा तास झाला. भरती पुरी होऊन पाणी उतरायला लागलं.

"पानी कुनासाठी थांबत नाय रं," जोमा मला म्हणाला. "आज नाय गेलाव तं बिल्ला गेला. माजा बापूस बोलला, एकच वरीस वाट बघीन, मंग गलबत इकून टाकीन."

आता इथे मी जे केलं ते का केलं ते मला विचारू नका. मुंबईच्या साहेबांनी आमच्या सेक्रेटरींना जन्मात पाहिलं नव्हतं. मी नुसता पगडी घालून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मी डबा उघडला, पगडी घातली, उपरणं घेतलं, मान मागे टाकली, बोट वर केलं आणि नाकातून म्हणालो, "लिहिलं का? चला."

जोमा हसत हसत बसला खाली. मग शीड चढलं.

पुलाजवळ डोलकाठी आडवी करताना मी मागे वळून बघितलं. धक्क्याच्या वरच्या पायरीवर सेक्रेटरी उभे होते, काखेत सभेचं पुस्तक. आपलीच पगडी आपल्याशिवाय कळव्याच्या पुलाखालून जाताना बघत होते.

फेरा कसा झाला ते जोमाच्या तोंडून ऐकायला पाहिजे. मी फक्त कुलाब्याचं सांगतो, कारण पुढे सगळं तिथेच अडकलं. दीपगृहाजवळ साहेबांची एक बोट उभी होती, प्रत्येक क्लबाची नोंद घ्यायला. तिच्यावरून कोणीतरी ओरडलं, अधिकारी कोण? मी उठून उभा राहिलो. सेक्रेटरींचं इंग्रजी मला पाठ होतं, प्रत्येक वाक्याची सुरुवात अत्यंत नम्रपणे. साहेब हसायला लागले. लोक हसले की मला काहीतरी होतं. मी पगडी काढून हवेत फिरवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एक लावणी म्हटली, कमरेवर हात, भुवई उडवून, सगळं. मग एका गोऱ्या पोराने हात लांब करून मला बिस्किट दिलं. घरात असं काही तोंडात घातलं असतं तर आईने मला उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं. मी खाल्लं. साहेबांसमोर, सेक्रेटरींच्या पगडीखाली, कुरुम कुरुम करून.

तिसऱ्या दिवशी आम्ही धक्क्याला लागलो. सेक्रेटरी तिथेच होते. हात पुढे केला. मी पगडी दिली. त्यांनी ती उलटी करून झटकली, आतून मीठ पडलं. "पगडी," एवढंच म्हणाले, आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठ दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. पौर्णिमेच्या सभेत सेक्रेटरींनी ते उभं राहून वाचलं, वाक्यावाक्याला मराठी करत. आपल्या क्लबाच्या बोटीने फेरा उत्तम पुरा केला. आपल्या तरुण खलाशाचं कौशल्य वाखाणण्यासारखं. आपण स्वतः बोटीवर हजर होता, याचा आम्हांस विशेष आनंद. आपण पगडी हलवून आमचं स्वागत केलंत. एक गोड स्तोत्र हावभावांसह म्हणून दाखवलंत. आणि आमच्या सभासदाने दिलेलं बिस्किट मोकळ्या मनाने खाल्लंत. या पत्राची आपल्या पुस्तकात नोंद होऊन ती कायम झाली की खलाशाला दाखला द्यावा, आम्ही बंदराच्या कचेरीला शिफारस करतो.

मी मान खाली घातलेली. पेन्शनर घोरत होते.

वकीलसाहेबांनी पानाचा डबा हळूच स्वतःकडे ओढून घेतला. "सेक्रेटरी, बिस्किट?"

"पत्रात तसं आहे."

"पत्र राहू द्या. आपण खाल्लंत?"

सेक्रेटरींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "पत्राची नोंद आज होईल. ती पुढच्या पौर्णिमेला कायम होईल. तोवर या पुस्तकातलं काहीच घडलेलं नाही, वकीलसाहेब. आपल्याला प्रश्न तेव्हा विचारता येईल."

वकीलसाहेबांनी डबा मिटला. कायदा होता तो.

"आणि हा आपला असिस्टंट कुठे होता त्या दिवशी?" वैद्यबुवांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. सेक्रेटरी आधीच लिहीत होते. "असिस्टंट घरी. तापाने," ते लिहिता लिहिता म्हणाले. "सभा संपली. गाढवा, झाकण."

सगळे गेल्यावर मी त्यांचे पाय धरले. म्हटलं, मी मुंबईला जातो, सांगतो की मीच होतो.

"म्हणजे बोटीवर अधिकारी नव्हता. जोमाचा फेरा रद्द."

"मग बिस्किटाची ओळ तेवढी गाळा. आपल्या पुस्तकात नाही लिहिली तर कोण बघायला येतंय?"

"बिस्किट गाळायचं? मग पगडी का नाही? बोट का नाही?" त्यांनी पुस्तक मिटलं. "मग जोमा तरी कशाला ठेवायचा?"

"पण खोटं आहे ना ते सगळं!"

"अजून एक महिना आहे," ते म्हणाले.

मला पुढचा पाऊण तास कळलंच नाही काय चाललंय. त्यांनी मला खोलीच्या मध्यभागी उभं केलं. दार लावून घेतलं. "हावभाव दाखव."

"कसले?"

"पत्रात आहेत. हावभावांसह. कुठले केलेस?"

मी मेल्यासारखा हात कमरेवर ठेवला. त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"एकच," मी म्हटलं.

"कुठला?"

"डावा. उजवा वर. आणि भुवई..."

"कुठली?"

"जी उडेल ती."

साठीचा माणूस, तोंडाने पुटपुटतोय, एक हात कमरेवर, आणि एक भुवई उडवायला बघतोय ती उडत नाही. मी आयुष्यात शेकडो नकला केल्या. कोणीतरी माझी करत होतं, मन लावून, अगदी बरोबर यावी म्हणून. मला हसू यायला हवं होतं.

"आणि म्हणायचं काय? ती लावणी..."

"पत्रात स्तोत्र लिहिलंय," सेक्रेटरी म्हणाले. "ते मला येतं."

तेव्हा कळलं. ते जाणार होते. पुस्तकात शाईने जे कच्चं लिहिलं होतं ते कायम व्हायच्या आत खरं करून आणायला.

काकूंनी दशम्या पुन्हा बांधल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, निदान लोणचं तरी लागलं की तोंडाला चव येईल." मग मला बाजूला घेऊन, "त्यांना विहिरीत वाकून बघवत नाही रे. लग्नानंतर इतक्या वर्षांत एकदाही पोहरा ओढला नाही त्यांनी." मी म्हटलं, मी बरोबर जातो. सेक्रेटरी पुढून ओरडले, "तू घरी आहेस. तापाने. पुस्तकात आहे."

फळीपाशी ते थांबले. जोमाने हात दिला. सेक्रेटरींनी डोळे मिटले आणि बोटीत पाय टाकला.

ते तीन दिवस मी धक्क्यावरच बसून काढले, वाऱ्यात, जेवणाचं भान नाही. तिसऱ्या दिवशी दात वाजायला लागले. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि सांगितलं, चांगला सणसणीत ताप आहे. पुस्तकातल्या ओळींपैकी पहिली माझीच खरी झाली.

बोट आली तेव्हा सेक्रेटरींना जोमाने उचलूनच पायऱ्यांवर आणलं. चेहरा राखेसारखा. पण खाडीच्या वहीला हात लावू देईनात. जोमा मला म्हणाला, "मुंबईपत्तुर डोलकाठीला मिठी मारून बसलं. वकलं, वकलं, न दर येला इचारतान, 'जोमा, आता कुठं आलाव? सांग, लिव्हायचा हाय.' बाहेर समुद्रान लाट आली ना, माना बोलले, 'हिला नियम नाय रं.' मी बोललो, हाय सायेब, तुमना दिसत नाय."

"आणि दीपगृह?"

"तिथं कोन सायेब नव्हता. तरी पगडी काढली न हलवली. दिव्याला. मंग उभं रायलं, मी मागना धरलेलं, न त्यांनी देवाचा म्हनला. एक हात कमरेवर." जोमाने आपल्या भुवईला बोट लावलं. "भुवई उडाली रं. दोनदा."

"आणि बिस्किट?"

"मुंबईच्या बंदरावरना मी घेतलेला. त्यांनी तासभर हातान धरला. मी बोललो, सायेब, नका खाऊ, माना नको बिल्ला. तसं माज्याव वरडलं, 'सुकाणू बघ!' डोले मिटलं न खाल्लं."

पुढच्या पौर्णिमेला मी घोंगडी पांघरून सभेला गेलो. जोमा दाराबाहेर उभा. सेक्रेटरींनी सगळं वाचलं. हजर होते. पगडी हलवली. स्तोत्र, हावभावांसह. मग बिस्किट. आवाज कापला नाही. हवं तर त्या ओळीवर खोकता आलं असतं, पेन्शनर तर झोपलेलेच होते. त्यांनी ती ओळ बाकीच्यांपेक्षा हळू वाचली.

वकीलसाहेब म्हणाले, "आता विचारतो. खाल्लंत?"

"होय."

मी उठलो. "ते मी..."

"आपण तापाने घरी होता," सेक्रेटरी म्हणाले. "बसा. अजून ताप दिसतो आहे."

वकीलसाहेब उठले आणि पानाचा डबा घेऊन बाहेर पडले. वैद्यबुवा थोडं घुटमळून त्यांच्यामागे गेले. सेक्रेटरींनी 'कायम' लिहिलं, सही केली, आणि मग कोरा कागद घेऊन जोमाचा दाखला लिहायला बसले. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं, जसं काही त्याला आजच बघत होते. जोमाने तो कागद दोन्ही हातांत धरला. वाचता येत नव्हतं त्याला. तरी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नजर फिरवली.

त्याला बिल्ला मिळाला. अजून आहे तो बंदरात. जहाजं त्याच्यामागे येतात.

सेक्रेटरींचं मात्र बिस्किटापायी गावच्या पंगतीतलं जेवण बंद झालं. भटजी घरी आले, समजुतीचे होते. म्हणाले, पंचगव्य घ्या, मिशी काढा, दोन ब्राह्मण जेवू घाला, विषय मिटला. सेक्रेटरींनी विचारलं, "प्रायश्चित्त घेतलं म्हणजे मी चूक केली असं होईल ना?" भटजी म्हणाले, "अर्थात." "मग दाखल्यात चूक आहे असं होईल," सेक्रेटरी म्हणाले, आणि भटजींना सुपारी देऊन दारापर्यंत पोचवायला गेले.

चैत्रात वैद्यबुवांच्या नातवाची मुंज होती. सेक्रेटरींना बोलावलं होतं, वैद्यबुवा तसे वाईट नव्हते. पण पंगत आत माजघरात आणि त्यांचं पान पडवीत, एकटं, चपलांच्या जवळ. ते काठी भिंतीला टेकवून पाटावर ताठ बसले होते, जणू अध्यक्षस्थानी. मी आत माझ्या पानावर बसलेलो. शेजारी वकीलसाहेब. समोरून आई डोळ्यांनी दटावत होती, कारण मी काय करणार ते तिला माझ्याआधी कळतं. मी पान उचललं आणि पडवीत जाऊन त्यांच्याशेजारी मांडलं.

आत कुजबूज सुरू झाली. वाढपी वरणाचं भांडं घेऊन उंबऱ्यातच थबकला.

"इथे कशाला आलास?" सेक्रेटरी म्हणाले. "तुझं पान आत आहे."

"आत जागा नाही."

"खोटं बोलू नकोस. मी येताना मोजली. तीन पाट रिकामे आहेत."

"मग आत उकडतंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आपलं पान चार बोटं सरकवून जागा केली. वाढप्याला काठीने खूण केली, ये म्हणून. तो आला, लांबून वरण टाकून पळाला. आम्ही जेवायला लागलो. आईचा आवाज आतून ऐकू येत होता, माझ्या नावाने, आणि मग माझ्या सगळ्या मास्तरांच्या नावाने.

बऱ्याच वेळाने सेक्रेटरी खाली मान घालून म्हणाले, "ते बिस्किट. तुला कसं लागलेलं?"

"चांगलं होतं. गोड. थोडं खारट."

"माझं भिजलं होतं लाटेने." त्यांनी भाताला आळं केलं, त्यात वरण ओढून घेतलं. "तरी बरं होतं."

"एकच खाल्लंत?"

"पत्रात एकच आहे."

त्यांनी दोन घास खाल्ले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले,

"जोमाने अख्खी पुडी आणली होती."